ऑफ-ॲक्सिस आरशासाठी सीजीएच करून घ्यावा का, आणि घेतला तर त्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा?

वारणाकाठी (कुपवाड, सांगली)

नमस्कार मंडळी.

कुपवाड एमआयडीसीतील आमच्या लहानशा कारखान्यात आजवर गोलीय भिंगे, प्रिझम आणि सपाट काचा यांचेच काम होत आले आहे. आता एका प्रयोगशाळेसाठी ऑफ-ॲक्सिस पॅराबोलिक आरसा, म्हणजे मोठ्या पॅराबोला आरशाचा अक्षापासून दूरचा तुकडा, करण्याचे काम हाती आले आहे. आरशाचा व्यास १५० मिमी, मूळ पॅराबोलाचे नाभीय अंतर ५०० मिमी, आणि आरशाचा मध्य मूळ अक्षापासून १५० मिमी दूर, अशी मागणी आहे. पृष्ठभागातील चूक ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक दशांशाहून अधिक नसावी आणि तसा इंटरफेरोमीटरचा अहवाल जोडावा, अशी अट आहे.

आमच्याकडे फिझो इंटरफेरोमीटर (प्रकाशतरंगांच्या मिलाफावरून पृष्ठभागाची चूक मोजणारे उपकरण) आहे, पण तो गोल आणि सपाट पृष्ठभागांसाठी. हा आरसा त्याच्या सर्वांत जवळच्या गोलापासून साधारण साठ ते सत्तर मायक्रॉन इतका वेगळा आहे. एक फ्रिंज (त्या मिलाफात दिसणारा पट्टा) म्हणजे पृष्ठभागावरील ३१६ नॅनोमीटर, या हिशेबाने दोनशेच्या आसपास फ्रिंजा होतात, आणि कडेजवळ तर एका मिलिमीटरमध्ये पाचहून अधिक. आमच्या कॅमेऱ्याला त्या वेगळ्या दिसणेच शक्य नाही. संगणकनिर्मित होलोग्राम, म्हणजे सीजीएच, करून घ्या असा सल्ला मिळाला आहे. मात्र त्याचा खर्च आरशाच्या मजुरीपेक्षा जास्त होतो आहे, आणि तो होलोग्राम याच एका आरशासाठी उपयोगी पडणार.

खर्चापेक्षाही मला दुसरा प्रश्न अधिक छळतो आहे. होलोग्राम लावल्यावर फ्रिंजा सरळ दिसल्या म्हणजे आरसा बरोबर, असे आपण म्हणणार. पण होलोग्रामच चुकीचा असेल, किंवा बरोबर असूनही चुकीच्या जागी बसवलेला असेल, तर आपण चुकीचा आरसाच मोठ्या काळजीने घडवत राहू. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

हळदवाट

विषय नवीन आहे, पण वाचायला आवडेल. सीजीएच म्हणजे नेमके काय, हे माझ्यासारख्या वाचकांसाठी कोणी आधी सांगेल का?

अजिंक्यतारा (सातारा)

हळदवाट, प्रयत्न करतो. मी साताऱ्यात पदवीच्या वर्गांना प्रकाशशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडे लांबले तर समजून घ्यावे.

इंटरफेरोमीटरमधून गोलीय तरंगाग्र, म्हणजे प्रकाशलहरीचा गोल आकाराचा पुढचा पृष्ठभाग, बाहेर पडते. समोरचा आरसा गोलीय असेल तर प्रकाश त्याच्यावर सर्वत्र लंबरूप पडतो, आला त्याच वाटेने परत जातो, आणि संदर्भ-तरंगाशी (उपकरणातच परतवलेल्या तुलनेच्या तरंगाशी) जुळून सरळ फ्रिंजा दिसतात. आरसा गोलीय नसेल तर प्रकाश परतताना वाट सोडतो. म्हणून मध्ये असे काहीतरी ठेवावे लागते, जे गोलीय तरंगाग्राचे रूपांतर त्या आरशाला अचूक लंबरूप पडेल अशा तरंगाग्रात करील. पूर्वी हे काम नेमक्या अंतरांवर बसवलेल्या दोन-तीन भिंगांच्या संचाकडे असे, आणि त्याला नल करेक्टर म्हणत. सीजीएच हेच काम एका सपाट काचेवर करतो.

त्या काचेवर अतिसूक्ष्म वक्र रेषांचा नमुना असतो. विवर्तनाच्या पहिल्या क्रमात एका रेषेपासून लगतच्या रेषेपर्यंत प्रकाशाला बरोबर एका तरंगलांबीचा फरक पडतो. त्यामुळे रेषा कोठे दाट आणि कोठे विरळ आखायच्या हे गणिताने ठरवले, की बाहेर पडणाऱ्या तरंगाग्राचा आकार आपल्या हाती येतो. ब्राऊन आणि लोहमन यांनी १९६६ साली संगणकाने आखलेल्या होलोग्रामची कल्पना मांडली, आणि १९७१ साली मॅकगव्हर्न आणि वायंट यांनी तो प्रकाशीय पृष्ठभाग तपासण्यासाठी वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्या काळी नमुना प्लॉटरवर मोठा काढून छायाचित्रणाने लहान करत. आता तो चिप उद्योगातील फोटोमास्कप्रमाणे इलेक्ट्रॉन किंवा लेसर किरणाने थेट लिहितात.

वारणाकाठी, विश्वासाचा तुमचा प्रश्न योग्यच आहे, परंतु सीजीएचच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे: त्याची चूक आधीच मोजून मांडता येते. रेषांमधील अंतर २० मायक्रॉन असेल आणि एखादी रेषा ०.१ मायक्रॉनने सरकली, तर एका फेरीत तरंगाग्राची चूक तरंगलांबीच्या दोनशेव्या भागाइतकी, म्हणजे सुमारे ३ नॅनोमीटर होते. प्रकाश होलोग्राममधून दोनदा जातो, पण आरशाच्या पृष्ठभागाची चूकही परावर्तनात दुप्पट दिसते, म्हणून पृष्ठभागाच्या हिशेबात ती ३ नॅनोमीटरच राहते. तुमची मर्यादा ६३ नॅनोमीटर आहे. चांगला लेखनयंत्रवाला ०.१ मायक्रॉनपेक्षा पुष्कळ बारीक अचूकता देतो.

भिंगरसिक

मी हौशी दुर्बीणकार आहे आणि २०० मिमी एफ/४ (नाभीय अंतर व्यासाच्या चौपट) आरसा फूको चाचणीवरच पूर्ण केला. कास पठारावर नेऊन शनी पाहिला, तेव्हा त्या चाचणीबद्दल कोणतीही शंका उरली नाही. चाकूच्या पात्याने आणि एका प्रकाशबिंदूने जे साधते, त्यासाठी एवढा खर्च आवश्यक आहे का?

कृष्णामाई (सांगली)

भिंगरसिक, तुमच्या आरशात पॅराबोला आणि गोल यांतील फरक, मध्याशी जुळवून मोजला तरी, कडेला जेमतेम ३ मायक्रॉन आहे, आणि तो अक्षाभोवती सर्व बाजूंनी सारखा आहे. म्हणून वेगवेगळ्या कड्यांची वक्रता मोजून तुम्ही आकार काढू शकता. वारणाकाठींच्या आरशात फरक त्याच्या वीसपट आहे आणि तो मुख्यतः दृष्टिवैषम्य (दिशेनुसार बदलणारी वक्रता) आणि कोमा (एका बाजूला झुकलेली विकृती) या रूपाचा आहे. वक्रता केंद्राशी ठेवलेल्या पात्याने त्यातून आकडे काढणे व्यवहार्य नाही.

मी बंगळुरूला प्रकाशीय मापनाचे काम करत होते, आता सांगलीतच असते. वारणाकाठी, तुम्ही सीजीएचकडे वळण्याआधी एक विचारते. पॅराबोलाला नल चाचणी, म्हणजे आरसा बरोबर असेल तर फ्रिंजा सरळच दिसतील अशी चाचणी, निसर्गतःच उपलब्ध आहे. त्याच्या नाभीतून निघालेला प्रकाश समांतर होऊन बाहेर पडतो. समोर उत्तम सपाट आरसा ठेवला, तर तो प्रकाश परत येऊन पुन्हा नाभीतच मिळतो. ट्रान्समिशन स्फिअरचा (इंटरफेरोमीटरवर बसणाऱ्या, गोलीय तरंगाग्र देणाऱ्या भिंगसंचाचा) केंद्रबिंदू पॅराबोलाच्या नाभीवर आणा, समोर सपाट आरसा ठेवा आणि फ्रिंजा पाहा. तुमच्या मापांना एफ/३.३ चा ट्रान्समिशन स्फिअर जेमतेम पुरेल. शिवाय प्रकाश तुमच्या आरशावर दोनदा आपटतो, त्यामुळे एक फ्रिंज म्हणजे पृष्ठभागावरील १५८ नॅनोमीटर. संवेदनक्षमता दुप्पट होते. मग या आरशासाठी होलोग्राम कशाला?

वारणाकाठी

कृष्णामाई ताई, मनापासून आभार. ही मांडणी आम्हाला माहीत आहे, पण आमच्याकडील सर्वांत मोठा खात्रीचा सपाट आरसा १०० मिमीचा आहे. येथे त्याहून मोठा लागेल. दुसरे असे, की हाच ग्राहक पुढे एक बहिर्वक्र ॲस्फिअर (गोलीय नसलेला पृष्ठभाग) आणि एक फ्रीफॉर्म (सममिती नसलेला) आरसा मागणार आहे. त्यांच्यासाठी नाभी आणि सपाट आरसा हा मार्गच नाही. म्हणून आताच सीजीएचची सवय करावी असे वाटत होते.

सज्जनगडी (सातारा)

मी आयुष्यभर टूलरूममध्ये मापनाचे काम केले, प्रकाशशास्त्राचे नाही. पण मूळ प्रश्न मापनाचाच आहे. सांगलीच्या हळदीच्या बाजारात अडत्याचा काटा कितीही बारीक असला, तरी वजनच हलके असेल तर काट्याच्या बारकाव्याने माल खरा होत नाही. म्हणून त्या वजनांवर दुसऱ्या, स्वतंत्र प्रमाण वजनाशी ताडून पाहिल्याचा शिक्का मारतात. वारणाकाठी, होलोग्राम घ्या किंवा सपाट आरसा घ्या, त्याला ताडून पाहणारी दुसरी वाट तुमच्याकडे कोणती आहे, एवढे आधी ठरवा.

अजिंक्यतारा

सज्जनगडी काका, आपल्या मुद्द्याला हबल दुर्बिणीहून मोठे उदाहरण नाही. तिचा २.४ मीटरचा मुख्य आरसा ज्या परावर्तक नल करेक्टरने तपासला, त्यातील एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसले होते. अंतर मोजण्याच्या दांड्याच्या टोकाला एक टोपी होती. तिच्यावरील काळ्या रंगाचा टवका निघालेला होता, आणि प्रकाश दांड्याच्या टोकाऐवजी त्या टोपीवरून परतला. आरसा मात्र त्या चुकीच्या करेक्टरशी अत्यंत निष्ठेने जुळवला गेला, आणि कडेला सुमारे २.२ मायक्रॉन अधिक सपाट झाला. अपवर्तक नल करेक्टरच्या चाचणीत दोष दिसत होता, पण ते उपकरण कमी अचूक म्हणून तिचा निष्कर्ष बाजूला ठेवला गेला. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेली, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत तिचे चित्र अंधुकच राहिले.

सीजीएचचे एक मोठे काम येथूनच सुरू झाले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ॲरिझोना विद्यापीठात जिम बर्ज यांनी आरसा तपासण्याऐवजी नल करेक्टरच तपासणारे होलोग्राम वापरात आणले. परिपूर्ण आरशाकडून जसे तरंगाग्र परत यावे तसे तो छोटा होलोग्राम परत पाठवतो. करेक्टर चुकला असेल तर लगेच कळते. भिंगांच्या संचातील अंतरे मोजणे आणि एका सपाट काचेवरील रेषांची जागा मोजणे यांत दुसरे काम फार सोपे आहे. म्हणूनच मी सीजीएचवर अधिक विश्वास ठेवतो.

कृष्णामाई

अजिंक्यतारा सर, हबलचा धडा तुम्ही सांगितला तसाच आहे, पण त्यातून तुम्ही काढलेल्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. दोन्ही उपकरणांचे निष्कर्ष जुळत नसताना एकाला गप्प केले गेले, हे मला अधिक गंभीर वाटते. जे उपकरण अधिक अचूक, तेच खरे असे धरले गेले. सीजीएच अत्यंत अचूक आहे, म्हणूनच त्याच्याबाबतीत तोच धोका अधिक आहे.

रेषा कितीही अचूक लिहिल्या तरी होलोग्राम, इंटरफेरोमीटर आणि आरसा एकमेकांच्या संदर्भात कोठे आहेत हा प्रश्न उरतोच. ऑफ-ॲक्सिस आरसा थोडा सरकवला आणि त्याचबरोबर किंचित कलवला, तर फ्रिंजांमधील दृष्टिवैषम्य आणि कोमा कमी-जास्त होतात. म्हणजे आरशाच्या खऱ्या आकारातील दोष जुळवणी बदलून झाकता येतो. पडद्यावर नकाशा सुंदर दिसतो, आरशाची अक्षापासूनची जागा मात्र ग्राहकाने मागितल्यापेक्षा वेगळी निघते. मी हे पाहिलेले आहे, आणि तो आरसा दुर्बिणीत बसवेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नव्हते.

म्हणून होलोग्राम मागवताना मुख्य नमुन्याभोवती जुळवणीचे वेगळे नमुने मागा. एक कडे असे हवे, जे इंटरफेरोमीटरचा प्रकाश सरळ त्याच्याकडेच परत पाठवील; त्यावरून होलोग्राम योग्य जागी आहे हे फ्रिंजांतच दिसते. काही लहान नमुने असे हवेत, जे आरशाच्या ठरलेल्या खुणांवर प्रकाशाचे ठिपके किंवा फुल्या पाडतील. त्या खुणा आरशाच्या कडांपासून सीएमएमने (बिंदूंचे निर्देशांक मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेल्या असाव्यात. तेव्हाच आकार आणि जागा हे दोन प्रश्न वेगळे होतात.

मिरजदृष्टी (मिरज)

माझे मिरजेत चष्म्याचे दुकान आहे, म्हणून खुणांचा मुद्दा वाचून लिहावेसे वाटले. प्रोग्रेसिव्ह भिंगांवर ३४ मिमी अंतराने दोन अतिसूक्ष्म कोरीव खुणा असतात. त्या दिसल्याशिवाय भिंग कोणत्या दिशेने आणि कोठे बसवायचे हे ठरतच नाही, कारण त्या पृष्ठभागाला स्वतःचा म्हणावा असा मध्य नसतो. तुमच्या फ्रीफॉर्म आरशाचेही असेच आहे का?

कृष्णामाई

मिरजदृष्टी, तंतोतंत असेच आहे. सममिती नसलेल्या पृष्ठभागाला खुणांशिवाय जागा नसते. वारणाकाठी पुढच्या कामात याच अडचणीला सामोरे जाणार आहेत.

यवतेश्वर

आणखी दोन व्यावहारिक गोष्टी लिहितो.

पहिली, होलोग्रामचा प्रकार. क्रोमच्या काळ्या-पारदर्शक रेषांचा होलोग्राम पहिल्या क्रमात जेमतेम १० टक्के प्रकाश देतो, आणि काचेत योग्य खोलीपर्यंत कोरलेला फेज प्रकारचा होलोग्राम ४० टक्के. प्रकाश दोनदा जातो, म्हणून हे अनुक्रमे १ आणि १६ टक्के झाले. पॉलिश चालू असताना आरशावर ॲल्युमिनियम नसते, नुसती काच सुमारे ४ टक्केच परावर्तित करते. त्यामुळे क्रोमचा होलोग्राम लावला तर परतणारा प्रकाश ०.०४ टक्क्यावर येतो आणि ४ टक्क्यांच्या संदर्भ-तरंगासमोर फ्रिंजा अगदी फिक्या दिसतात. फेज प्रकारात त्या ठळक राहतात. तुम्हाला मध्येमध्ये तपासत पॉलिश करायचे आहे, म्हणून फेज प्रकारच मागा. नको असलेले क्रम बाजूला काढण्यासाठी नमुन्यात मुद्दाम कल ठेवावा लागतो, म्हणजे ते क्रम छिद्राच्या बाहेर पडतात. हे रचना करणाऱ्याशी आधीच बोलून घ्या.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. होलोग्राममधून दिसणारी आरशाची प्रतिमा सारख्या प्रमाणात नसते. एका बाजूला ती ताणलेली असते आणि दुसरीकडे दबलेली. पडद्यावर उंचवटा जेथे दिसतो, तेथेच आरशावर तो असेल असे नाही. नकाशा दुरुस्त न करता पॉलिशर चालवला तर उंचवट्याशेजारी खड्डा पडतो. आरशावर मोजून ठेवलेल्या खुणा लावा, त्या पडद्यावर कोठे दिसतात ते पाहा, आणि त्यावरून नकाशा सरळ करूनच काम करा.

भिंगरसिक

कृष्णामाई, वीसपट फरकाचा मुद्दा पटला. माझा प्रश्न मागे घेतो. मात्र सपाट आरशाबद्दल एक सुचवावेसे वाटते. द्रवाचा शांत पृष्ठभाग पृथ्वीच्या वक्रतेइतकाच वक्र असतो. १५० मिमी व्यासावर ती वक्रता अर्ध्या नॅनोमीटरपेक्षाही कमी भरते. पसरट भांड्यात दाट तेल ठेवून त्याच्याशी सपाट काच ताडून पाहण्याची रीत जुनी आहे.

वारणाकाठी

भिंगरसिक, कल्पना सुंदर आहे, पण आमच्या शेजारच्या शेडमध्ये पॉवर प्रेस चालतो. तेल शांत राहणे कठीण आहे. चाचणीही आम्ही प्रेस बंद झाल्यावर, रात्री करतो.

सज्जनगडी

रात्री करता हे उत्तम, पण सांगलीचा उन्हाळा लक्षात घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसाची उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली उतरत राहते.

यवतेश्वर

काकांच्या म्हणण्याला आकड्याची जोड देतो. तापमान एक अंशाने बदलले की हवेचा अपवर्तनांक साधारण दशलक्षांश भागाने बदलतो. आरशापर्यंत जाऊन-येऊन दोन मीटरचा मार्ग धरला, आणि त्याच्या एका बाजूची हवा दुसरीपेक्षा ०.१ अंशाने उबदार असली, तर तरंगाग्रात २०० नॅनोमीटर, म्हणजे तरंगलांबीच्या सुमारे एक तृतीयांश इतकी चूक येते. होलोग्रामच्या ३ नॅनोमीटरची चर्चा करण्याआधी मार्गावर नळी किंवा झाकण घाला, हवा हलक्या पंख्याने ढवळा, आणि पुष्कळ मोजमापांची सरासरी घ्या. पहाटेची वेळ सर्वांत चांगली.

अजिंक्यतारा

कृष्णामाईंच्या प्रतिसादावर विचार केला आणि एका बाबतीत माझे मत बदलले आहे. जायंट मॅजेलन दुर्बिणीचे ८.४ मीटरचे ऑफ-ॲक्सिस आरसे गोलापासून सुमारे १४ मिलिमीटर वेगळे आहेत. त्यांच्या मुख्य चाचणीत ३.७५ मीटरचा तिरपा ठेवलेला गोलीय आरसा, आणखी एक लहान गोलीय आरसा आणि शेवटी सीजीएच आहे. तरीही ॲरिझोनाच्या लोकांनी तेवढ्यावर भागवले नाही. लेसर ट्रॅकर, सरकत्या पेंटाप्रिझमची चाचणी, उतार मोजणारी डिफ्लेक्टोमेट्री अशा वेगळ्या तत्त्वांवरच्या पद्धतींनी तोच आकार ताडून पाहिला. या पद्धती नकाशाच्या बारकाव्यात सीजीएचची बरोबरी करत नाहीत, पण दृष्टिवैषम्य आणि कोमा यांसारखी मोठी चूक त्यांच्यापासून लपत नाही. कमी अचूक पण स्वतंत्र चाचणीचा मान राखावा, हे हबलच्या प्रकरणातून खरोखर शिकले गेले असे यावरून दिसते.

कृष्णामाई

सर, आता आपण एकाच ठिकाणी आलो. आणि यातूनच वारणाकाठींच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला दिसते.

तुमचा पहिला आरसा पॅराबोला आहे, हे भाग्य समजा. दोन पूर्णपणे वेगळ्या नल चाचण्या ज्याला लागू होतात, असा हा दुर्मीळ पृष्ठभाग आहे: नाभी आणि सपाट आरसा ही एक, वक्रता केंद्राजवळून सीजीएच ही दुसरी. पुढच्या बहिर्वक्र आणि फ्रीफॉर्म कामात अशी सोय मिळणार नाही. म्हणून १५० मिमीच्या वर पुरेल असा सपाट आरसा विकत किंवा भाड्याने घ्या. तो तीन सपाट काचांच्या परस्पर तुलनेने स्वतः तपासता येतो, त्याला कोणाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून राहावे लागत नाही, आणि तो पुढे अनेक कामांना उपयोगी पडतो. हा आरसा त्यावर पूर्ण करा आणि अहवालही त्याचाच द्या.

त्यानंतर, परवडत असेल तर, याच आरशासाठी एक सीजीएच करून घ्या आणि पूर्ण झालेला आरसा त्याच्यासमोर ठेवा. दोन्ही नकाशे जुळले तर तुमची सीजीएच मांडण्याची, जुळवण्याची आणि नकाशा सरळ करण्याची सर्व रीत एकदम तपासली जाईल. जुळले नाहीत तर चूक शोधण्याची संधी ग्राहकाचा फ्रीफॉर्म आरसा हातात येण्याआधीच मिळेल. हा खर्च या एका आरशाच्या नावावर टाकू नका, पुढच्या सर्व कामांच्या शिक्षणाचा म्हणून धरा.

वारणाकाठी

ताई, सर, काका आणि सर्व मंडळी, हे इतक्या स्पष्टपणे कोणी सांगितले नव्हते. सपाट आरशाची चौकशी आजच सुरू केली आहे. सीजीएचसाठी ग्राहकाशी बोलून पुढच्या कामाच्या दरात तो खर्च विभागून घेता येईल असे वाटते.

एकच शंका उरली. आरशावर लावायच्या खुणा समान अंतरावर, एका वर्तुळात लावाव्यात का?

यवतेश्वर

समान अंतरावर लावू नका. खुणा सममित असल्या तर पडद्यावरचा नकाशा फिरलेला किंवा आरशातील प्रतिमेसारखा उलटा झालेला आहे का, हे ओळखता येत नाही. एक खूण मुद्दाम वेगळ्या अंतरावर ठेवा, आणि मूळ अक्षाकडील कड कोणती ते आरशाच्या पाठीवर ठळकपणे लिहून ठेवा. खुणा उपयोगाच्या भागाच्या बाहेरच्या पट्टीत बसत असतील तर तेथेच लावा. आत लावाव्या लागल्या तर नंतर पुसता येतील अशा लहान ठिपक्यांच्या असाव्यात, आणि त्यांच्याभोवतीचा नकाशा पॉलिशच्या हिशेबात धरू नये.